स्पीकरमागची पट्टी

निळ्या पुठ्ठ्याची, दोनशे पानी एक वही माझ्याकडे आहे. वर मी ‘हॉल : आवाज’ असं लिहिलं होतं. आत तीन रकाने आहेत. तारीख, काय बदललं, आणि त्याला कसं वाटलं. तिसऱ्या रकान्यात माझ्या नवऱ्याचे शब्द आहेत, तो बोलला तसे उतरवलेले. त्या रकान्यावर विश्वास ठेवून मी दीड वर्ष एक खोली घडवली. तो रकाना खोटा होता हे मला सगळ्यांत शेवटी कळलं. घरात तिघं माणसं, त्यातल्या दोघांना ते आधीपासून माहीत होतं.

नवरा तळोज्याच्या एका कारखान्यात कॉम्प्रेसर हाउस सांभाळतो. मी तिथेच जवळ, दुसऱ्या कारखान्याच्या स्टोअर्समध्ये आहे. आम्ही दोघं एका ठिकाणी शिकाऊ म्हणून लागलो होतो, तेव्हापासून अरे-तुरे. गाणं त्याचं. मला त्यातलं फारसं कळत नाही. त्याच्याकडे लग्नाआधीपासूनचा रेकॉर्ड प्लेअर, एक ॲम्प्लिफायर आणि कमरेएवढे उंच दोन स्पीकर आहेत. दर रविवारी सकाळी आठ ते साडेनऊ तो रेकॉर्ड लावतो आणि मी तिथे बसते. आठवड्याच्या उरलेल्या वेळात आम्ही एकमेकांना कामं सांगत असतो. गॅस नोंदव, इस्त्रीचे कपडे आण, सोसायटीचा फॉर्म भर. रविवारच्या त्या दीड तासात कोणी कोणाला काही सांगत नसे. आमचा संसार कशावर चाललाय असं मला कोणी विचारलं असतं, तर मी त्या दीड तासाकडे बोट दाखवलं असतं.

नवीन पनवेलमधल्या आमच्या जुन्या वन रूम किचनमध्ये ते गाणं सुरेख लागायचं. का, ते कधी कोणी विचारलं नाही. स्पीकर कपाटाच्या दोन बाजूंना, समोर पलंग, पलंगावर गाद्यांची चळत, दोरीवर कपडे, मुलीची पुस्तकं आणि दप्तरं. मग आम्ही सुकापूरला मोठं घर घेतलं. लांबलचक हॉल, चकचकीत मोठ्या फरशा, एका बाजूला पूर्ण काच, भिंती कोऱ्या. मी सामान बेताचं ठेवलं, कारण इतकी वर्षं गर्दीत काढल्यावर मला मोकळी जागा हवी होती.

पहिल्या रविवारी त्याने ख्यालाची रेकॉर्ड लावली, त्याची सगळ्यांत जुनी. दहा मिनिटांनी बंद केली. “शब्द लागत नाहीत,” एवढंच म्हणाला. दुसऱ्या रविवारीही तेच. तिसऱ्या रविवारी आठ वाजता तो पिशवी घेऊन भाजीला गेला. त्यानंतर दोन महिने प्लेअर कापडाखाली होता आणि रविवार सकाळ कामांनी भरून गेली. गॅस नोंदव, फॉर्म भर.

मी हॉलच्या मधोमध उभी राहून एक टाळी वाजवली. पत्र्याच्या शेडमध्ये वाजवावी तशी ती झणकत राहिली. मला वाटलं, सापडला चोर. मी त्याला सांगितलं, दोष खोलीचा आहे आणि मी तो काढणार आहे. तो माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, “बघ.”

त्या वेळी त्याने सांगायला हवं होतं. मी खोलीला दोष दिला आणि त्याने तो देऊ दिला.

मी शिकले. कामाची पद्धत मला माहीत आहे: आधी कारण, मग जागा, मग माल. स्पीकरमधून आवाज सरळ कानाशी येतो, आणि तोच आवाज भिंतीवर, फरशीवर, काचेवर आपटून किंचित उशिरा पुन्हा येतो. दोन्ही एकमेकांत मिसळले की शब्द फिसकटतात. उपाय साधा. आवाज जिथे आपटतो तिथे जाड आणि मऊ काहीतरी लावायचं. पातळ पडद्याने भागत नाही. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी अंड्यांचे ट्रे चिकटवायला सांगितलं, हवे तेवढे आणून देते म्हणाल्या. मी वाचून ठेवलं होतं की त्यांनी काही होत नाही, फक्त हॉल अंडेवाल्यासारखा दिसतो.

जागा शोधायची रीत गमतीची होती. एकाने ऐकायच्या खुर्चीत बसायचं, दुसऱ्याने भिंतीला आरसा लावून तो हळूहळू सरकवायचा. खुर्चीतल्या माणसाला आरशात स्पीकर दिसला की तिथे आवाज आपटतो असं समजायचं. मी बेडरूममधला आरसा काढून भिंतीला टेकवला आणि सरकवत गेले. तो खुर्चीत बसून हात वर करायचा, मी पेन्सिलीने फुली मारायची. दोन्ही भिंती, मग मागची, मग स्टुलावर चढून छत. अर्ध्या दिवसात बारा फुल्या झाल्या. त्या सगळ्या जागा बरोबर होत्या, नंतर मी दोऱ्याने मोजून पडताळल्या. त्या कामात तो अचूक होता. ते डोळ्यांचं काम होतं.

चौकटी सुकापूर गावातल्या सुताराने केल्या. बारा चौकटी, प्रत्येकी दोन फूट बाय चार फूट, चार इंच खोल. देवांचे एवढे मोठे फोटो कुठून आणले म्हणून त्याने विचारलं. आत फोटो नाही, लोकर भरायची आणि भिंतीला लावायच्या, असं मी सांगितलं. तो हातोडी खाली ठेवून म्हणाला, “बाई, माणसाला थंडी वाजते त्ये आमाला म्हाईत हाय. भिंतीला वाजते त्ये पयल्यांदा ऐकतोय.”

लोकर म्हणजे रॉकवूल, वाफेच्या पाइपांना गुंडाळतात ते. आमच्याकडे इन्सुलेशनचं काम करणाऱ्या कंत्राटदाराकडून कळंबोलीतल्या दुकानाचा पत्ता मिळाला. ते हाताला चावतं. मी पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून, तोंडाला रुमाल बांधून बाराच्या बारा चौकटी भरल्या आणि वर मांजरपाट ताणून बसवला. स्पीकरमागच्या दोन कोपऱ्यांत खालचा, जाड आवाज घुमायचा, म्हणून जुन्या घरातल्या कापसाच्या गाद्या गुंडाळून, सुतळीने आवळून, खोळ घालून उभ्या केल्या. खाली जाड सतरंजी, काचेला दुपदरी पडदे. हे सगळं एकदम केलं नाही. दर पंधरा दिवसांनी एकच बदल, म्हणजे कशाने काय झालं ते कळतं. बदल झाला की रविवारी तो खुर्चीत बसायचा आणि मी स्वयंपाकघराच्या दाराशी स्टुलावर, मांडीवर वही घेऊन.

“कसं वाटतंय?”

“सुधारलं.”

पुढच्या नोंदी अशा: “आता शब्द लागले.” “तबला सुटा ऐकू येतोय.” “मागच्यापेक्षा खूप बरं.” “छान.” “अगदी छान.” आरशाने दाखवलेल्या बारा जागा संपल्या तेव्हा मी विचारलं, अजून लावू? तो म्हणाला, लाव की. मी सुताराकडून आणखी सहा आणल्या. पाहुणे हसायचे. माझी बहीण म्हणाली, हॉलला प्लास्टर घातलंय का? मला त्याचं काही वाटत नव्हतं. प्लेअरवरचं कापड निघालं होतं, रविवारी आठ वाजता तो हातपाय धुऊन खुर्चीत येत होता आणि भाजी शनिवारी येत होती.

ऐकायची नीट जागा एकच असते, दोन्ही स्पीकरांपासून सारख्या अंतरावर. तिथे त्याची खुर्ची. मी त्या खुर्चीत एकदाही बसले नाही. तसं माझ्या मनातही आलं नाही. कान त्याचे, वही माझी, अशी वाटणी होती.

गेल्या पावसाळ्यात उजव्या भिंतीत ओल उतरली. श्रावणातल्या एका शनिवारी मी त्या भिंतीवरच्या चौकटी काढल्या. आतलं रॉकवूल दमट झालं होतं. ते बाहेर काढून गॅलरीत वाळत घातलं आणि भिंतीवरचे काळे डाग दिसू नयेत म्हणून रिकाम्या चौकटी, कापडासकट, पुन्हा जागेवर लावल्या. नवरा तेव्हा पाळीवर होता. त्याला सांगायचं राहून गेलं.

रविवारी त्याने सतार लावली. एका बाजूला लोकर, दुसऱ्या बाजूला नुसतं कापड. मला स्टुलावरूनही कळत होतं, उजवीकडे सूर झणकत होता. मी सवयीने विचारलं. तो डोळे मिटून म्हणाला, “गेल्या वेळेपेक्षा बरं. दोन्हीकडून सारखं येतंय.”

मी ते वहीत लिहिलं. मग लिहिलेलं पुन्हा वाचलं.

स्टोअर्समध्ये आमची एक पद्धत आहे. माल तपासणारा माणूस खरंच तपासतोय की नुसती सही करतोय असा संशय आला, तर चांगल्या मालात एक खराब नमुना मुद्दाम घालून त्याच्यापुढे ठेवायचा. त्याला सांगायचं नाही. एकावर निकाल द्यायचा नाही, तीन वेळा बघायचं. ह्या पद्धतीने मी दोन माणसं पकडलेली आहेत आणि दोन्ही वेळा मला त्याचं वाईट वाटलं नव्हतं.

आमच्या प्रत्येक स्पीकरमध्ये दोन तोंडं आहेत. खालचं मोठं, जाड आवाजासाठी, वरचं लहान, बारीक आवाजासाठी. मागे दोन जोड आहेत आणि त्यांना सांधणारी बोटभर लांब पितळी पट्टी. ती काढली की वरचं तोंड मुकं होतं. लोकर वाळून चौकटींत परत गेल्यावर, भाद्रपदात एका शनिवारी मी दोन्ही स्पीकरांच्या पट्ट्या काढल्या आणि शिवणाच्या डब्यात ठेवल्या.

रविवारी त्याने तीच जुनी ख्यालाची रेकॉर्ड लावली. गाणाऱ्या बाईंचा आवाज जाड रजईखालून यावा तसा येत होता. तानपुरा जवळजवळ गेलाच होता. स, श, च ही अक्षरं नव्हतीच. मी त्याच्याकडे बघत होते. डोळे मिटलेले, बोटं गुडघ्यावर ताल धरत होती आणि ताल बरोबर होता, कारण ती रेकॉर्ड त्याला पाठ होती. मी विचारलं, कसं वाटतंय?

“आज तानपुरा काय स्वच्छ लागलाय,” तो म्हणाला.

पुढच्या रविवारी तेच. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. त्या तीन आठवड्यांत मी एकेक गोष्ट जुळवली. त्याच्या कारखान्यात, कॉम्प्रेसरच्या आवाजामुळे, दरवर्षी कानांची तपासणी होते. दरवर्षी मी विचारायचे, तो नॉर्मल म्हणायचा आणि मी त्याच्या तब्येतीच्या फाइलवर बरोबरची खूण करायचे. फाइलमध्ये रक्ताचे, डोळ्यांचे, दातांचे कागद होते. कानांचा एकही नव्हता. कुकर होऊन गेला तरी तो कळलं नाही म्हणायचा, ते मी आळसात धरलं होतं. फोनवर मुलीशी बोलताना आवाज मोठा ठेवायचा, ते मी प्रेमात धरलं होतं.

मी तेव्हाच बोलले असते तर बरं झालं असतं. पण मी वाट बघत होते की तो आपणहून सांगेल, आणि चौथ्या रविवारच्या आत खंडेनवमी आली.

खंडेनवमीला तो हत्यारं पुजतो. कारखान्यातली पूजा वेगळी. घरी नट-बोल्टचे पाने, ड्रिल मशीन, स्कूटर, माझं शिवणाचं मशीन आणि शेवटी प्लेअर, ॲम्प्लिफायर, स्पीकर. पूजेआधी प्रत्येक वस्तू पुढून-मागून कोरड्या फडक्याने पुसायची ही त्याच्या वडिलांपासूनची रीत. हे मी विसरले होते. मी, जी काही विसरत नाही म्हणून घरात थट्टेचा विषय आहे, ती विसरले.

मी स्वयंपाकघरात झेंडूचं तोरण ओवत होते. तो दारात येऊन उभा राहिला. एका हातात फडकं, दुसऱ्या हाताच्या बोटाला हळद-कुंकू.

“मागच्या पट्ट्या नाहीयेत.”

“शिवणाच्या डब्यात आहेत,” मी म्हटलं.

“कधीपासून?”

“तीन रविवार.”

तो खाली बसला, तिथेच, फुलांच्या पलीकडे. बोटाचं कुंकू फडक्याला पुसलं. मग म्हणाला, “म्हणजे तुला कळलं.”

“मला तीन आठवड्यांपूर्वी कळलं. तुला कधी कळलं?”

“ह्या घरात यायच्या आधी.”

मला वाटलं होतं, वर्षभर झालं असेल, हळूहळू कमी झालं असेल, त्यालाही उशिरा लक्षात आलं असेल. तेवढी जागा मी त्याच्यासाठी ठेवली होती. घरात यायच्या आधी म्हणजे टाळीच्या आधी. आरशाच्या आधी. बाराच्या बारा आणि वरच्या सहा चौकटींच्या आधी.

“मग मला सांगितलं का नाहीस?”

“तू यादी केली असतीस.”

“कसली यादी?”

“माझी,” तो म्हणाला. “डॉक्टर, मशीन, काय खायचं, कुणाला विचारायचं. फ्रिजवर लावली असतीस. पोरगी पण तेच म्हणाली.”

मुलगी तेव्हा खारघरच्या कॉलेजात होती. तिथल्याच कानांच्या डॉक्टरांकडे तिने त्याला नेलं होतं. मला दोघांनी सांगितलं होतं की बूट घ्यायला चाललोय. बूट घेऊनही आले होते. रिपोर्ट त्याने रेकॉर्डच्या एका खोक्यात ठेवला होता, कारण घरात माझी यादी नसलेली ती एकच जागा होती.

मुलगी आता बंगळुरूला नोकरी करते. मी तिला तेव्हाच फोन लावला आणि पट्ट्यांपासून सगळं सांगितलं. तिने आधी नाकारलं नाही, हे तिच्या बाजूने नोंदवते. ती म्हणाली, “आई, बाबाला मशीनची लाज नव्हती. तो म्हणाला, आता ऐकू येत नाही म्हटल्यावर आई रविवारी कशाला बसेल? तिला काम असलं तरच ती बसते.”

मी म्हटलं, हे तू मला दोन वर्षं सांगितलं नाहीस.

“आणि तू काय केलंस? तीन रविवार त्याची परीक्षा घेतलीस. मलाही विचारता आलं असतं ना.”

मी फोन ठेवला. ती म्हणाली ते खरं होतं, आणि खरं असल्यामुळे मला अधिक चीड आली. माझ्या घरात मला सोडून सगळ्यांना माझा अंदाज होता. मी वाईट बातमी ऐकून काय करेन, किती दिवसांत करेन, कुठे चिकटवेन, हे दोघांनी बसून ठरवलं होतं आणि मला खेळायला एक खोली दिली होती. रॉकवूलने हात सोलून निघाले होते तेव्हा खोबरेल तेल त्यानेच आणून दिलं होतं. तेव्हा तरी त्याला बोलता आलं असतं.

दसरा आम्ही नीट पार पाडला. सोनं वाटलं, जेवण केलं, खालच्या मजल्यावरच्या बाईंना वर बोलावलं. पट्ट्या त्याने स्वतः डब्यातून घेतल्या आणि बसवल्या. आम्ही एकमेकांना फक्त कामं सांगत होतो.

त्यानंतरच्या रविवारी आठ वाजता मी भाजीची पिशवी घेऊन चप्पल घालत होते. त्याने प्लेअरवरचं कापड काढलेलं मला दिसलं. तो खुर्चीत बसला नव्हता. भिंतीशी उभा होता. “तू बस,” तो खुर्चीकडे हात करून म्हणाला. “मला एकदा खरं सांग, काय झालंय ह्या खोलीचं.”

मी पिशवी दाराला अडकवली. बसायचं ठरवून बसले नाही. दीड वर्षाचं काम होतं आणि ते मी स्वतः एकदाही तपासलं नव्हतं, म्हणून बसले.

तीच रेकॉर्ड. बाई गायला लागल्या. शब्द सुटे होते, झणकार नव्हता. पण आवाज पुढे येईना. एक सूर संपला की तिथेच मरत होता, मागे काही उरत नव्हतं. लोकर जास्त झाली होती. प्रत्येक वेळी ‘सुधारलं’ ऐकून मी चढवतच गेले होते, आणि थांब म्हणणारं कोणी नव्हतं. पहिल्या दहा-अकरा चौकटींनाच थांबायला हवं होतं, हे मला त्या खुर्चीत पाच मिनिटांत कळलं. वहीतली पुढची सगळी पानं वाया गेली होती.

“कसं वाटतंय?” त्याने विचारलं.

माझ्या तोंडाशी ‘छान’ आलं. तो शब्द किती पटकन येतो ते मला तेव्हा कळलं. त्याच्या चेहऱ्यावरून मला दिसत होतं की त्याला तोच ऐकायचा आहे.

“वाईट,” मी म्हटलं. “बाई गादीवाल्याच्या दुकानात बसून गातायत.”

त्याला ते नीट ऐकू गेलं नाही. त्याने कानामागे हात धरला. माझ्यासमोर त्याने तसं पहिल्यांदाच केलं. मी मोठ्याने पुन्हा सांगितलं, एकेक शब्द तोडून. तो हसला नाही. स्टूल ओढलं, वर चढला आणि मागच्या भिंतीवरची, सगळ्यांत शेवटी लावलेली चौकट खाली उतरवली. मग माझ्याकडे बघितलं.

मी मान हलवली. अजून.

मी त्याला माफ केलंय असा अर्थ ह्यातून कोणी काढू नये. मुलीशीही मी अजून कामापुरतंच बोलते. कानांच्या मशीनची यादी मी केलेली नाही. हात शिवशिवतात, तरी केलेली नाही. तो स्वतः जाईल तेव्हा जाईल. आणि वही मी त्या दिवशी उघडली नाही, कारण तिसऱ्या रकान्यात आता माझे शब्द लिहावे लागले असते आणि दुसऱ्या रकान्यात त्याचं काम.

त्याने दुसरी चौकट काढली. तिसरी. चौथी. प्रत्येक वेळी तो स्टुलावरून वळून माझ्याकडे बघायचा, कारण मी बोललेलं त्याला रेकॉर्डच्या आवाजात ऐकू गेलं नसतं. नऊ वाजून गेले, रेकॉर्ड दोनदा उलटवली. सातव्या चौकटीला बाईंच्या आवाजामागे काहीतरी हललं, बारीक, लांबलेलं. तानपुरा होता.

त्याचे हात आठव्या चौकटीच्या कडेला होते. मी माझा हात वर केला, आरशाच्या वेळी तो करायचा तसा, आणि तो थांबला.